प्रोलॉग पुन्हा लटकलं: वनाजहून स्वारगेटला निघालेला प्रोग्रॅम रामवाडीला का अडकतो

सबमिशनचा आठवडा आला की रात्री दहानंतर आमची बेल वाजते. खालच्या मजल्यावरचा मुलगा उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून उभा असतो आणि म्हणतो, "ताई, परत लटकलं." मागच्या वर्षी त्याची मोठी बहीण अशीच उभी असायची. त्याआधी ऑफिसात नवीन आलेली दोन पोरं होती. माणसं बदलली तरी प्रोग्रॅम जवळपास तोच असतो, आणि मी दरवेळी तेच समजावते. आता एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून झोपता येईल.

प्रॅक्टिकल साधंच असतं. प्रोलॉग ही प्रोग्रॅमिंगची भाषा, तिच्यात तथ्यं आणि नियम लिहून ठेवायचे आणि मग प्रश्न विचारायचे. पुणे मेट्रोची स्टेशनं तथ्यं म्हणून लिहायची आणि अमुक स्टेशनाहून तमुक स्टेशन गाठता येतं का, ते विचारायचं. कॉलेजच्या जर्नलमध्ये याच जागी आजोबा-नातवाचं उदाहरण असतं. मला मेट्रो बरी वाटते, कारण मेट्रो दोन्ही दिशांना धावते आणि खरं दुखणं तिथेच बाहेर पडतं. आजोबा नातवाचे आजोबा असतात, उलटं कधीच नसतं, म्हणून ते उदाहरण फार सोज्वळ आहे.

दोन सूचना आधीच. इथला सगळा कोड मी एसडब्ल्यूआय-प्रोलॉगवर, म्हणजे प्रोलॉगच्या अनेक अवतारांपैकी एकावर, चालवते. आणि प्रोलॉगचे स्वतःचे शब्द, म्हणजे टेबल, मेंबर, इज वगैरे, इथे देवनागरीत लिहिलेत; टाइप करताना ते रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत करायचे. आकडेही इंग्रजीच. नावं मात्र देवनागरीत चालतात; _अ सारखं अंडरस्कोरने सुरू होणारं नाव म्हणजे व्हेरिएबल, भरायची रिकामी जागा. त्यातल्या खाचाखोचा पुढे येतील.

आधी बघा, लटकलंय म्हणजे नेमकं काय झालंय

"लटकलं" या एका शब्दात किमान तीन दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिलं दुखणं मुळात दुखणंच नसतं. प्रश्नाच्या शेवटी पूर्णविराम दिलेला नसतो. पुढच्या ओळीवर एक उभी रेघ येऊन थांबते, पोरगं स्क्रीनकडे बघतं आणि स्क्रीन पोराकडे. टिंब द्या, एंटर मारा. याचीच बहीण म्हणजे उत्तर आलेलं असतं, पण पुढे टिंब न येता कर्सर तसाच उभा असतो. प्रोलॉग विचारतोय, आणखी उत्तरं हवीत का. हवी असतील तर अर्धविराम, नको असतील तर एंटर. एका रात्री मी नाईट गाऊनवर शाल घेऊन खाली गेले होते ती एवढ्यासाठी.

दुसरं दुखणं: पंखा घरघरायला लागतो, उत्तर येत नाही, एररही येत नाही, मेमरी जिथल्या तिथे. असा तासभर बसलात तरी तसंच राहील.

तिसरं: काही सेकंद जातात आणि लाल अक्षरांत स्टॅक लिमिट एक्सीडेड असा मजकूर येतो, कंसात १.० जीबी. स्टॅक म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामांच्या नोंदी ठेवायची मेमरी. ६४ बिटच्या मशीनवर एसडब्ल्यूआयची ही मर्यादा मुळातच १ जीबी असते. त्या मजकुरात खाली बहुतेक वेळा प्रॉबेबल इन्फिनिट रिकर्शन असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पुढे कोणता नियम स्वतःलाच बोलावत सुटलाय तेही असतं. वाचत कोणीच नाही. लाल दिसलं की सगळे थेट वर स्क्रोल करतात.

दुसऱ्यात कंट्रोल-सी दाबा, मग ए दाबून अबॉर्ट करा. तिसऱ्यात स्टॅक वाढवू नका. खालच्या मजल्याने कुठेतरी वाचून मर्यादा ४ जीबी केली होती. प्रोग्रॅम तसाच मेला, फक्त मरायला जास्त वेळ घेतला आणि जाताना ब्राउझरलाही घेऊन गेला.

पंखा घरघरतोय, एरर नाही

हे जवळपास नेहमी या एका ओळीमुळे होतं:

जोड(वनाज, आनंदनगर).
जोड(आनंदनगर, आयडियल_कॉलनी).
जोड(आयडियल_कॉलनी, नळ_स्टॉप).
जोड(_अ, _ब) :- जोड(_ब, _अ).

शेवटची ओळ मराठीत वाचली तर शंभर टक्के बरोबर आहे: अ हे ब-ला जोडलेलं असेल, कारण ब हे अ-ला जोडलेलं आहे. गणिताच्या पेपरात पूर्ण मार्क. पण विचारा, जोड(वनाज, लोहगाव)? तथ्यांत सापडत नाही, म्हणून नियम लागतो, जोड(लोहगाव, वनाज)? तेही नाही, म्हणून नियम, पुन्हा जोड(वनाज, लोहगाव)? टेबल टेनिस सुरू. मेमरी वाढत नाही, कारण नियमातली शेवटची हाक असली आणि मागे दुसरा पर्याय उरलेला नसला की प्रोलॉग जुनी चौकट टाकून देऊन तीच जागा पुन्हा वापरतो. एरवी ही सोय फार उपयोगाची. इथे तिच्यामुळेच एरर येत नाही.

उपाय सोपा आहे. तथ्यांचं नाव आणि नियमाचं नाव वेगळं ठेवा:

शेजारी(_अ, _ब) :- जोड(_अ, _ब).
शेजारी(_अ, _ब) :- जोड(_ब, _अ).

जोड हे नाव फक्त तथ्यांपुरतं. शेजारी स्वतःला बोलावत नाही, म्हणून फिरत बसत नाही. मेट्रो सोडून इतर कशातही, मित्र, समानार्थी शब्द, चुलत भाऊ, "दोन्ही बाजूंनी खरं" असं नातं आलं की हेच करा.

स्टॅक भरतो ते दोन प्रकारे

पहिला प्रकार म्हणजे नियम स्वतःच्या नावानेच सुरू होतो:

पोहोचता(_अ, _क) :- जोड(_अ, _क).
पोहोचता(_अ, _क) :- पोहोचता(_अ, _ब), जोड(_ब, _क).

हा खरा दगाबाज, कारण सुरुवातीला तो चालतो. वनाजहून नळ स्टॉप? ट्रू. पोरगं खूश, स्क्रीनशॉट जर्नलमध्ये चिकटवतं. व्हायवाला एक्स्टर्नल विचारतात, जिथे मेट्रो जात नाही असं एखादं नाव टाका बघू. लोहगाव टाकल्यावर फॉल्स यायला हवं, येतो स्टॅकचा लाल मजकूर. किंवा ट्रू आल्यावर सवयीने अर्धविराम दाबला जातो आणि तोच मजकूर.

कारण पाहायचं तर ट्रेस लावा, म्हणजे प्रोलॉग आपली प्रत्येक पायरी छापून दाखवतो. कॉल, एक्झिट, रीडू, फेल अशी चार दारं त्यात दिसतात. लॉरेन्स बर्डने मांडलेला हा चार दारांचा नमुना जवळपास सगळ्याच प्रोलॉगमध्ये आहे. एरवी ट्रेस म्हणजे डोळ्यांना शिक्षा, पण इथे एकच गोष्ट बघायची:

कॉल: (१२) पोहोचता(वनाज, _१२०)
कॉल: (१३) पोहोचता(वनाज, _१४८)
कॉल: (१४) पोहोचता(वनाज, _१७६)

कंसातला खोलीचा आकडा वाढतोय आणि प्रश्न तोच आहे. पहिली जागा वनाज, दुसरी रिकामी. व्हेरिएबलचा नंबर बदलला म्हणून प्रश्न बदलत नाही. हे दिसलं की ट्रेस बंद करा, निदान झालं.

याचं वरवरचं औषध म्हणजे क्रम फिरवणं: आधी जोड, मग पोहोचता. म्हणजे आधी एक स्टेशन पुढे सरका, मग उरलेलं विचारा. एकाच दिशेची तथ्यं असतील तर हे पुरतं, आणि बहुतेक नोट्स इथेच थांबतात. पण आपण शेजारी वापरला, म्हणजे दोन्ही दिशा आल्या, आणि तिथून दुसरा प्रकार सुरू होतो.

हा मला सगळ्यात आवडतो, कारण तो नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो. वनाज ते रामवाडी ही मार्गिका आणि पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला येणारी मार्गिका सिव्हिल कोर्टला भेटतात. नियम असा:

पोहोचता(_अ, _क) :- शेजारी(_अ, _क).
पोहोचता(_अ, _क) :- शेजारी(_अ, _ब), पोहोचता(_ब, _क).

विचारलं, वनाजहून स्वारगेट? प्रोग्रॅम नळ स्टॉप, गरवारे, डेक्कन करत सिव्हिल कोर्टला येतो. तिथून फाटे फुटतात. फाइलमध्ये मंगळवार पेठ आधी लिहिलेलं असेल तर तो तिकडे वळतो, पुणे स्टेशन, रुबी हॉल, बंड गार्डन, येरवडा, कल्याणीनगर, रामवाडी. मार्गिका संपली. आता रामवाडीचा शेजारी कोण? कल्याणीनगर. कल्याणीनगरचा पहिला शेजारी कोण? रामवाडी. मग कल्याणीनगर. मग रामवाडी. स्वारगेट मागे सिव्हिल कोर्टला वाट बघत उभं, आणि आपण शेवटच्या दोन स्टेशनांत झोके घेतोय. दरवेळी कल्याणीनगरला "येरवड्याकडेही जाता येईल" अशी एक चिठ्ठी मागे ठेवली जाते. त्या चिठ्ठ्यांनी १ जीबी भरतो.

मग कोणीतरी हुशारी करतं, कसबा पेठेचं तथ्य मंगळवार पेठेच्या वर सरकवतं. स्वारगेट झटक्यात सापडतं. "ताई, झालं!" नाही झालं. आता रामवाडी विचार. प्रोग्रॅम कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटला पोचतो आणि मंडई-स्वारगेट, मंडई-स्वारगेट सुरू. तथ्यांचा क्रम बदलून जो प्रोग्रॅम बरा होतो तो बरा झालेला नसतो, हे मी वहीत पहिल्या पानावर लिहायला लावते.

प्रोलॉग बिचारा आंधळेपणाने वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे जातो, एक वाट धरली की तिच्या तळापर्यंत. १९७२ मध्ये मार्सेयला आलें कोल्मरोअर आणि फिलिप रूसेल यांनी तो फ्रेंच भाषेतल्या संवादासाठी बनवला तेव्हापासून त्याची चाल हीच. आधी कुठे जाऊन आलो, हे त्याला आठवत नाही. ती आठवण आपण द्यायची.

आठवण देण्याचे दोन मार्ग

हाताने द्यायची तर जाऊन आलेल्या स्टेशनांची यादी बरोबर न्यायची:

पोहोचता(_अ, _क) :- प्रवास(_अ, _क, [_अ]).

प्रवास(_अ, _अ, _).
प्रवास(_अ, _क, _झालेली) :-
शेजारी(_अ, _ब),
\+ मेंबर(_ब, _झालेली),
प्रवास(_ब, _क, [_ब | _झालेली]).

मेंबर म्हणजे यादीत आहे का, आणि आधीचं \+ म्हणजे नकार. यात एक सापळा आहे आणि दर बॅचला एक तरी त्यात पडतो. मेंबरची ओळ शेजारीच्या वर गेली तर दोन वेगळ्या स्टेशनांच्या कुठल्याही प्रश्नाला फॉल्स येतं. तेव्हा _ब अजून रिकामा असतो, रिकामी जागा यादीतल्या कशाशीही जुळते, म्हणून मेंबर खरं ठरतं आणि त्याचा नकार खोटा. नकाराची ओळ नेहमी त्यातली व्हेरिएबलं भरल्यानंतर. मार्ग छापून हवा असेल तर ही पद्धत चांगली, यादी हातातच असते.

दुसरा मार्ग म्हणजे एक ओळ:

:- टेबल पोहोचता/२.

बस. आता वरचा दगाबाज नियम, स्वतःच्या नावाने सुरू होणारा, तसाच ठेवा, जोडच्या जागी शेजारी घाला, आणि वाटेल ते स्टेशन विचारा. टेबलिंगमध्ये प्रोलॉग विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याची उत्तरं नोंदवून ठेवतो. तोच प्रश्न पुन्हा आला की आत शिरत नाही. हाताशी असलेली उत्तरं वापरतो आणि नवीन काही येईनासं झालं की थांबतो. लोहगावला फॉल्स येतं, शांतपणे.

हे इतकं सोपं असेल तर पोरांना माहीत का नसतं? कारण ती ज्यावरून शिकतात त्यात ते नाही. क्लॉक्सिन आणि मेलिश यांचं पुस्तक १९८१ चं. माझी प्रत अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळाली, आणि मूळ कल्पना समजायला अजूनही मी तेच देते. पण त्यात टेबलिंग असणं शक्यच नव्हतं. १९९५ च्या आयएसओ मानकातही ते नाही. अमेरिकेत स्टोनी ब्रूकला एक्सएसबी नावाचं प्रोलॉग झालं, त्याने टेबलिंग रुळवलं. एसडब्ल्यूआयमध्ये ते बरंच नंतर आलं. कॉलेजच्या नोट्स जुन्या पुस्तकांवरून उतरवलेल्या, आणि नोट्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. ब्लॅकबर्न, बॉस आणि स्ट्रीग्नित्झ यांचं लर्न प्रोलॉग नाऊ इंटरनेटवर फुकट वाचता येतं. रिकर्शनच्या धड्यातले सराव खरंच सोडवलेत तर निम्म्या बेल वाजणार नाहीत. पण तेवढ्यावर थांबू नका, टेबलिंगसाठी एसडब्ल्यूआयच्या मॅन्युअलमधला भाग वाचा.

टेबल लावलं की सगळं माफ, असंही नाही. टेबल लावलेल्या नियमात मार्गाची यादी तिसरी जागा म्हणून घातली तर पुन्हा स्टॅक भरतो, कारण झोके घेत गेलेला प्रत्येक मार्ग ही वेगळी यादी, म्हणजे उत्तरं अगणित. अंतर हवं असेल तर कमीत कमी तेवढंच ठेव असं सांगता येतं:

:- टेबल थांबे(_, _, मिन).
थांबे(_अ, _ब, १) :- शेजारी(_अ, _ब).
थांबे(_अ, _क, _न) :- थांबे(_अ, _ब, _म), शेजारी(_ब, _क), _न इज _म + १.

वनाज ते स्वारगेट ११ येतं. बोटावर मोजून बघा. वनाज ते वनाज विचारलंत तर २ येतं, आनंदनगरला जाऊन परत. ते नियमाप्रमाणे बरोबरच आहे, हसू नका. आणि _न इज च्या जागी _न = लिहिलंत तर बेरीज होत नाही, १+१ तसंच अडकून राहतं, आणि दर फेरीला ते लांबत जातं.

प्रोग्रॅम चालू असताना असर्टने, म्हणजे नवं तथ्य आत घालणाऱ्या आज्ञेने, नवीन स्टेशन घातलं तर टेबलातली जुनी उत्तरं तशीच राहतात, तीही आधी पुसून टाका.

कुठलं प्रोलॉग, हा प्रश्न येतोच

शिकायला एसडब्ल्यूआय. यान विलेमाकर यांनी ॲम्स्टरडॅमला १९८७ मध्ये सुरू केलेलं, अजूनही जोमात. लॅपटॉपवर काही टाकायचं नसेल तर त्याचंच स्विश ब्राउझरमध्ये चालतं. लॅबच्या मशीनवर जीएनयू प्रोलॉग असेल तर दोन गोष्टी लक्षात घ्या: त्यात टेबलिंग नाही, म्हणून यादीवाला मार्गच वापरावा लागेल; आणि देवनागरी नावांच्या वाटेला तिथे जाऊ नका. सिक्स्टस पैसे देऊन घ्यायचं, आपल्याला नको. स्क्रायर हे रस्ट भाषेत लिहिलेलं नवं, मानकाला धरून चालणारं. हौस असेल तर बघा. एका प्रोलॉगवरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर जसाच्या तसा चालेल अशी आशा मात्र धरू नका.

देवनागरीच्या खाचाखोचा

प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल कॅपिटल अक्षराने सुरू होतं. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून जोड(वनाज, कुठे) विचारलंत तर तो "कुठे" नावाचं स्टेशन शोधतो आणि फॉल्स म्हणतो. म्हणूनच वर सगळीकडे अंडरस्कोर आहे. एसडब्ल्यूआयने आपल्यासारख्या लिप्यांचा विचार केलाय: _नाव हे साधं व्हेरिएबल धरलं जातं, एकदाच आलं तर सिंगलटनचा इशारा मिळतो. इशारा नको असेल तर दोन अंडरस्कोर. तो इशारा आला की दुर्लक्ष करू नका, दहापैकी नऊ वेळा वेलांटी चुकलेली असते. काही प्रोलॉग अंडरस्कोरवाल्या व्हेरिएबलची किंमत उत्तरात दाखवत नाहीत, म्हणून प्रश्न विचारताना सरळ रोमन कॅपिटल एक्स वापरा. फाइलच्या पहिल्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याचा निर्देश द्या. आणि कोड वर्डमधून किंवा पीडीएफमधून चिकटवू नका. अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि :- मधली छोटी रेघ लांब होते, मग सिंटॅक्स एरर कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

मागच्या महिन्यात बेल वाजली ती वेगळ्याच कारणाने. खालच्या मजल्याने मेट्रोला बस जोडली होती, स्वारगेटहून सिंहगड रोडने खडकवासला, तिथून 'गोऱ्हे बुद्रुक', तिथून डोणजे. मध्ये जागा सुटलेली म्हणून नाव एकेरी अवतरणात. टेबल लावलेलं, लटकत काहीच नव्हतं. पण डोणजे विचारलं की फॉल्स. तथ्यं दोन्ही डोळ्यांसमोर: खडकवासला ते गोऱ्हे, गोऱ्हे ते डोणजे. ट्रेसमध्येही गोऱ्हे आणि गोऱ्हे. पाऊण तास गेला, चहा झाला.

शेवटी दोन्ही नावांवर ॲटम_कोड्स चालवलं, ते नावातल्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड आकडा दाखवतं. एकात ऱ्ह-चे आकडे आले २३५३, २३८१, २३६१. दुसऱ्यात २३५२, २३८१, ८२०५, २३६१. एक ओळ त्याने लॅपटॉपवर टाइप केली होती, दुसरी फोनवर लिहून स्वतःला पाठवली होती. एका कीबोर्डने ऱ हे वेगळं अक्षर घातलं, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. स्क्रीनवर फरक शून्य, प्रोलॉगच्या लेखी गावं दोन. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, त्यामुळे सगळ्या फाइलमध्ये शोधा-बदला करून एकच रूप ठेवलं आणि डोणजे सापडलं. मेट्रोच्या यादीत एकही ऱ्ह किंवा ऱ्य नाही, म्हणून हे इतकी वर्षं आमच्या वाट्याला आलं नव्हतं.